उपास आणि उपाशी

रायपूर छत्तीसगडची राजधानी झालं त्याच वर्षी पद्मिनीताई समता कॉलनीतल्या एका लॅबमध्ये रक्त काढायला लागल्या. या दोन घटनांपैकी गावाला जास्त उपयोगी कोणती पडली, याबद्दल त्यांचं स्वतःचं ठाम मत आहे. राजधानी झाली तसा जो तो साहेब झाला, साहेब झाला की माणसाची साखर वाढते आणि साखर वाढली की तो पद्मिनीताईंकडे येतो. बाही वर केली की मोठा साहेब काय नि पाऱ्यातला, म्हणजे मोहल्ल्यातला, पानवाला काय, सारखेच भेकड, हे त्यांनी सोळा वर्षं रोज बघितलं होतं.

माहेर वर्ध्याचं, नवरा रेल्वेत, आणि बोटांत अशी जादू की नस त्या डोळ्यांनी नाही, अंगठ्यानं शोधायच्या. आपली चूक होत नाही, हे त्या कुणाला सांगत नसत. फक्त तसं वागत.

एका मंगळवारी सकाळी साडेसातला क्षमा आली. सोबत सासूबाई कलावतीबाई आणि एक मोठी पिशवी. क्षमा एकतीस वर्षांची, नवरा उदय नव्या रायपुरातल्या कचेरीत. चार वर्षांत तीन वेळा दिवस गेले आणि तिन्ही वेळा तिसऱ्या महिन्याच्या आत सगळं संपलं. शंकर नगरच्या डॉक्टरीणबाईंनी सांगितलं होतं की पुन्हा विचार करण्याआधी नीट तपासून घेऊ. थायरॉइड, बी-बारा, डी, साखर, इन्सुलिन, मोठी यादी होती.

"हे शेवटचं, ताई," बाही वर करता करता क्षमा म्हणाली. "यानंतर मी कुठंच जाणार नाही."

"उपाशी आहे ना?"

"हो. अगदी कडक."

पद्मिनीताईंनी नस पहिल्याच फटक्यात पकडली, पाच नळ्या भरल्या, कापूस दाबून धरायला सांगितला. तेवढ्यात कलावतीबाईंनी पिशवीतून डबा काढला.

"घे, उरलेली खाऊन घे आता."

पद्मिनीताईंचा हात नळीवर चिठ्ठी चिकटवता चिकटवता थांबला. "उरलेली म्हंजे?"

"सकाळी अर्धीच खाल्ली ना तिनं. साबुदाण्याची खिचडी. रक्त देऊन राहिली, चक्कर आली म्हंजे? उपासाचीच आहे वं बाई, कांदा-लसूण काही नाही त्याच्यात."

पद्मिनीताईंनी काउंटरवरच्या निधीला हाक मारली. निधी देशपांड्यांची पोट्टी, पण जन्म रायपूरचा. मराठी सगळं समजायचं, तोंडातून मात्र हिंदीच यायचं.

"यांले काय सांगितलं होतं तू?"

"मैं तो खाली पेट ही बोल रही थी, ताई. आंटी बोलीं, मराठी लड़की होकर हिंदी में क्यों बोलती है? तो मैंने मराठी में बोल दिया."

"काय?"

"उपास करून या."

निधीच्या आयुष्यातलं ते बहुधा पहिलंच संपूर्ण मराठी वाक्य. व्याकरणात कुठंही चूक नव्हती.

आता साखर आणि इन्सुलिनसाठी उद्या पुन्हा सुई. पद्मिनीताईंनी तसं सांगितलं, आणि विचारायचं नीट आपणच विचारलं नाही, हेही कबूल केलं. क्षमानं बाही खाली ओढली.

"मी नाही येणार. दर वेळी माझ्याच अंगात काहीतरी कमी निघतं. एकदा निघालं, दोनदा निघालं. आता पुरे."

पद्मिनीताईंना कुणाच्याही हाताची नस सापडे, सांत्वनाची कधी सापडली नव्हती. म्हणून त्या सांत्वनाच्या वाटेला गेल्याच नाहीत. स्टूल ओढून बसल्या.

"आठवड्यातून उपास किती करतं?"

"तीन. पहिलं गेलं तेव्हा सोमवार धरला. दुसऱ्या वेळी गुरुवार. मग शनिवार."

"अन् खातं काय?"

"साबुदाणा, बटाटा, गोड चहा."

"उन्हात जातं?"

"नाही जात. बाहेर पडलं की बाया विचारतात, गोड बातमी कधी?"

"डॉक्टरीणबाईले सांगितलं हे?"

"त्यांनी विचारलं, आहार कसा? मी म्हटलं, साधाच."

पद्मिनीताईंनी तपासणीच्या अर्जाच्या मागं मोठ्या अक्षरांत सगळं लिहिलं. "याच्यानंच झालं असं मी म्हणत नाही. ते डॉक्टरचं काम. पण कमी तुझ्यात आहे का ताटात, हे तं कळू दे. कळल्याबिगर सोडू नको."

कलावतीबाई मध्ये बोलल्या, पहिल्यांदाच हळू आवाजात. "व्रत मोडायचं का मग? मोडलं अन् पुन्हा काही झालं तं?"

म्हणजे भीती त्यांनाही होती, आणि सुनेइतकीच.

"मोडा कोण म्हणतं? उद्यापन करा."

कलावतीबाईंनी चाळीस वर्षांत शेकड्यानं उपास केले होते. ते संपवायचीही रीतसर सोय आहे, याचा मात्र त्यांना विसर पडला होता.

"तिन्हीचं एकदम?"

"देवांले एका दिवशी बोलावलं तं काय ते भांडणार आहेत?"

क्षमाला हसू आलं. बाहीत दाबलेला कापूस खाली पडला.

दुसऱ्या दिवशी ती आली, रात्रीपासून फक्त पाण्यावर. अहवालात डी तळाला गेलेलं, बी-बारा जेमतेम अर्ध्यावर, साखर काठावर आणि इन्सुलिन चढलेलं. डॉक्टरीणबाईंनी अर्जाची मागची बाजू दोनदा वाचली. म्हणाल्या, हेच कारण असं सांगता येत नाही, वचनही देत नाही. पण हे सगळं सुधारता येतं, आणि तुझा यात काही दोष नाही.

उद्यापन झालं. निधीलाही जेवायला बोलावलं, आणि कलावतीबाईंनी तिच्याशी सावधपणे हिंदीतच बोलायचं ठरवलं. बी-बाराची इंजेक्शनं पद्मिनीताईंनी दिली. ताटात डाळ, भाकर, दही, अंडी आली. पाच महिन्यांनी फिरून रक्त काढलं तेव्हा आकडे जागेवर आले होते. मग एक दिवस क्षमा वेगळ्याच तपासणीसाठी आली, आणि पद्मिनीताईंनी सोळा वर्षांत पहिल्यांदा सापडलेली नस अंगठ्यानं पुन्हा एकदा तपासून बघितली. नववा आठवडा गेला. बारावाही गेला.

डिसेंबरात एका रविवारी सकाळी दहाला पद्मिनीताई तेलीबांधा तलावावर गेल्या, तर काठावर कलावतीबाई एका गृहस्थांना बाकावरून उठवत होत्या.

"सरको भैया, उधर छाँव में बैठो. इधर हमारी बहू बैठेगी. पाँचवाँ महीना है उसको."

"आई, सगळ्यांना काहून सांगता?" क्षमा म्हणाली.

"सगळ्यांले कुठं? त्या टोकाचे अजून राहिले ना."

आणि पदर खोचून कलावतीबाई त्या टोकाकडे निघाल्या. क्षमा बाकावर उन्हात बसली, ऐसपैस.