इथलं इथंच राहील

चिखलीत आमच्या वस्तीच्या दवाखान्यात दर मंगळवारी आम्हा जाड बायकांचा गट भरायचा. गटप्रमुख आमच्याच गल्लीतली, स्वतः वजन उतरवलेली. “खरं सांगायचं, इथलं इथंच राहील,” हा नियम तिचाच. म्हणून मी सांगून टाकलं, की नवरा शिफ्टला गेला की मी डब्यातले लाडू उभ्यानेच संपवते.

संक्रांतीला तिच्या घरी हळदीकुंकू होतं. तीळगूळ वाटत ती माझ्यापाशी आली आणि तिने ताट मागे घेतलं.

“यांना नको गं. नवरा शिफ्टला गेला की या उभ्यानेच डबा संपवतात!”

अख्खी गल्ली हसली.

मंगळवार मी अजूनही चुकवत नाही. काय खाल्लं विचारलं, की काकडी म्हणते. मेली वहीत ‘शाबास’ लिहिते.