अर्धी गादी
संत्र्याच्या वासाची ग्लुकोज पावडर पाण्यात ढवळली की मला महाळुंग्यातली ती पत्र्याची खोली आठवते. तिथं दोघांना मिळून एकच गादी होती. मी दिवसपाळीला गेलो की रातपाळी करून आलेला रूममेट तिच्यावर झोपायचा. आमचं बोलणं व्हायचं ते दारातल्या दारात. एकदा मला ताप आला. उतरल्यावर डॉक्टर म्हणाले, “फार वीक झालात, आराम करा.” आमच्या कंपनीत वेल्डिंगचा जोड वीक निघाला की रिजेक्ट मालाच्या लाल पेटीत जायचा, त्यामुळे तो शब्द ऐकून वाटलं, आता आपणही त्याच पेटीत. घरी फोनवर ‘बरा आहे’ एवढंच सांगितलं. सकाळी रूममेट आला, तेव्हा त्याच्यासाठी गादी मोकळी करायला मी भिंत धरून उठू लागलो. “पड राव, लईच वीक दिसायलास,” तो म्हणाला. त्यानं मला ग्लुकोज कालवून दिलं आणि स्वतः डब्याची पिशवी उशाला घेऊन फरशीवर झोपला. पुढं तो खोली सोडून गेला, मग भेट नाही. आता माझा फ्लॅट आहे, डबलबेड आहे, आणि घरात मी एकटाच. तरी अंगात कणकण आली की, रातपाळीवरून तो येईल तशी अर्धी गादी मोकळी ठेवून, एका कडेलाच सरकून झोपतो.