ऑइलच्या झाकणाखालचा पांढरा थर

वडील गेल्यावर त्यांची जुनी गाडी मी चालवू लागले. घरापासून खेडच्या बाजारापर्यंत, एवढीच तिची धाव. जानेवारीतल्या एका गारठलेल्या सकाळी ऑइलचं झाकण उघडलं, तर आत पांढरट, चिकट थर! सायलेन्सरमधून पांढरा धूरही निघत होता.

"हेड गॅस्केट गेलंय, ऑइलात पाणी उतरलं असणार," मुंबईहून भाऊ फोनवर म्हणाला. "काढून टाक आता ती गाडी."

आई शेजारीच होती. ती उठून आत गेली.

मला राहवेना. मी ऑइल तपासायची डिपस्टिक काढून पाहिली. पाणी उतरलं असतं तर ऑइल दुधाळ झालं असतं, पण तसं नव्हतं. इंजिन थंड ठेवणारं कूलंटही खुणेवरच होतं. मग वाटलं, जवळच्या फेऱ्यांत इंजिन पुरतं तापतच नसेल आणि थंडीत आतला दमटपणा झाकणाला धरत असेल. मी थर पुसला आणि आईला हाक मारली, "चल, गुहागरला जाऊन येऊ."

वडिलांनंतर ती पहिल्यांदाच त्या गाडीत बसली. मी सारखी तापमानाच्या काट्याकडे बघत होते. तो मध्यावरून हलला नाही. धूर तर चिपळूणच्या आधीच विरला होता. गुहागरला इंजिन निवल्यावर पाहिलं, तर कूलंट तेवढंच होतं आणि झाकण कोरडं.

मी भावाला फोन लावला. आईने तो माझ्या हातातून घेतला आणि ती म्हणाली, "गाडीला काही झालेलं नाही. नुसती घराजवळच अडकून पडली होती."

मग चपला हातात घेऊन ती समुद्राच्या पाण्याकडे चालू लागली.