ग्रहणातली काकडी

मी खोटं बोलले नव्हते. अर्धंच बोलले होते. ते जास्त वाईट.

आज वहिनीला जाऊन पंधरा वर्षं झाली. दर वर्षी मी तिचा तोच हिरव्या साडीतला फोटो टाकते आणि तुम्ही सगळे खाली हात जोडता.

या वर्षी फोटो नाही. आधी हे वाचा.

१९९५. ऐन दिवाळीत सकाळचं ग्रहण होतं. वहिनीला दिवस गेलेले. आई रामकुंडावर स्नानाला जाताना तिला बजावून गेली, "काही चिरायचं नाही, कापायचं नाही. स्वस्थ बसायचं."

मी तेव्हा कॉलेजात. मला भूक धरवत नसे. खरं तर मला कशाचाच धीर धरवत नसे. दर पावसाळ्यात दोन छत्र्या हरवायच्या, लेक्चरला बसलं की पाय हलायचे. घरात सगळे म्हणायचे, हिच्या पायाला भिंगरी आहे.

"वहिनी, एक काकडी चिरून दे ना."

"ताई, आई रागावतील हो."

"तिला सांगतंय कोण?"

तिने चिरली. मीठ लावून दिली. मी उभ्याउभ्याच खाल्ली.

चिन्मय झाला. तीन वर्षांचा झाला तरी बोलेना. हाक मारली तर बघायचा नाही. डब्यांची झाकणं एका रांगेत मांडायचा, आणि कोणी रांग मोडली की भिंतीवर डोकं आपटायचा. मुंबईच्या डॉक्टरांनी ऑटिझम म्हणून सांगितलं. आमच्या घरात तो शब्द कोणाला धड म्हणताही येईना.

आईने मग आपल्या परीने कारण शोधलं. एका दुपारी सगळ्यांसमोर वहिनीला विचारलं, "ग्रहणात काही चिरलं होतंस का गं?"

वहिनीने माझ्याकडे पाहिलं.

मी म्हणाले, "काकडी चिरली होती हिने."

बस, एवढंच. कोणासाठी, ते नाही.

का, तेही सांगते. माझ्यासाठी स्थळं बघणं चालू होतं. दोष ग्रहणाचा निघाला की आमच्या घराण्याच्या रक्ताकडे कोणी बघणार नव्हतं. एवढा हिशोब त्या वयात मला बरोबर जमला.

 वहिनी देवळ्याची. आमच्याशी आमच्यासारखं बोलायची, लेकाशी मात्र अहिराणी. त्याला कडेवर घेतलं, "चाल भाऊ, मना पोऱ्या शे तू," माझं लेकरू आहेस तू, असं म्हणाली आणि आत गेली.

मला बघायला पाहुणे आले त्या रविवारी ती पहाटे उठली. नारळाच्या वड्या थापल्या. आणि चिन्मयला घेऊन सकाळच्या पहिल्या एसटीने देवळ्याला निघून गेली. तो पाहुण्यांना दिसू नये म्हणून. आईने तसं सांगितलं होतं, आणि मी ते ऐकून गप्प होते.

वड्या छान झाल्यात म्हणाले पाहुणे. आई म्हणाली, "आमच्या मुलीनेच केल्यात."

मी मान खाली घातली. सगळ्यांना वाटलं, मुलगी लाजली.

लग्न झालं. मुक्ता झाली. दुसरीत होती तेव्हा बाई रोज वहीत तक्रार लिहायच्या. बाकावर बसत नाही. डबा हरवला. स्वेटर हरवला. सांगितलेलं अर्ध्यात सोडते.

२००८ साली तिला डॉक्टरांकडे नेलं. त्यांनी विचारलं, "घरात अजून कोणाला असं काही?"

शेजारी माझे मिस्टर बसले होते. मी म्हणाले, "छे, कोणालाच नाही."

पुढच्या वेळी एकटी गेले आणि चिन्मयचं सांगितलं. माझ्या छत्र्यांचंही सांगितलं. ग्रहणाचंही.

डॉक्टर हसल्या नाहीत. म्हणाल्या, "काकडीने काही होत नाही. ऑटिझम आणि मुक्ताचा एडीएचडी, म्हणजे हा अतिचंचलपणा, वेगळे दिसतात, पण जीन्समध्ये त्यांची बरीच मुळं एकच असतात. एकाच घरात एका मुलात हे दिसतं, दुसऱ्यात ते. अमक्याकडूनच आलं असं बोट दाखवून सांगता येत नाही. आणि यात दोष कोणाचाच नसतो."

घरी येताना रिक्षात माझ्या डोक्यात एकच गोष्ट घोळत होती. मुक्तात वहिनीचं रक्त थेंबभरही नाही.

आणि त्याच मुक्ताला सुट्टीत सांभाळायची कोण, तर वहिनी. चिन्मयसाठी तिने भिंतीवर चित्रं लावली होती. आधी दात, मग अंघोळ, मग खाऊ. मुक्ताही ती बघून मुकाट्याने कामाला लागायची. "गुणी आहे हो ताई तुमची पोरगी," वहिनी म्हणायची. आमच्या घरात असं म्हणणारी ती एकटीच होती.

मी ठरवलं, दिवाळीला सांगायचं. आईसमोर. मग म्हटलं संक्रांतीला. माझ्या सासरी अजून मुक्ताचं कळलेलं नव्हतं, म्हणून लांबवत राहिले.

पुढच्या पावसाळ्यात डेंग्यूने वहिनी चार दिवसांत गेली.

दहाव्याला रामकुंडावर पिंड ठेवला. कावळा शिवेना. दादा हात जोडून म्हणाला, "चिन्मयला मी सांभाळेन." नाही शिवला. आई म्हणाली, "जन्मभर एका चुकीची टोचणी लागली होती बिचारीला. तीच असेल मनात."

माझा कावळ्यावर विश्वास नाही. पण त्या क्षणी काय बोलायचं, हे तिथे फक्त मला माहीत होतं.

सासूबाई शेजारी उभ्या होत्या. मी नाही बोलले.

शेवटी गुरुजींनी दर्भाचा कावळा करून शिववला आणि सगळे घरी आले.

आई वहिनीलाच दोष देत देवाघरी गेली. तिला सांगायचं राहिलं ते राहिलंच.

मुक्ता आता नोकरी करते. तिला विचारूनच हे लिहितेय. "इतकी वर्षं का लागली गं?" एवढंच म्हणाली. 

आज सकाळी दादाला फोन केला. काकडी मी मागितली होती, म्हणून सांगितलं.  मागे चिन्मय झाकणं मांडत होता, त्याचा आवाज येत होता.

मग दादा म्हणाला, "मला कधी बोलली नाही गं ती."

वहिनी, तू नवऱ्यालासुद्धा माझं नाव सांगितलं नाहीस.

तुझी काहीही चूक नव्हती. हे मी आज सगळ्यांसमोर लिहितेय, तू वाचणार नाहीस तेव्हा.

तुला श्रद्धांजली वाहायला हात जोडलेत. मान वर होत नाही.