पाइप कापण्याचा ठराव

आमच्या संघटनेत सगळं बैठकीत ठरायचं. पत्रकातला एक शब्द बदलायचा तरी बैठक, सतरंजी कोणी आणायची तरी बैठक. मला त्याचा अभिमान होता. घरात एकटे बाबा ठरवायचे, आणि रेल्वेच्या कारखान्यात बाबांचं सगळं साहेब ठरवायचा. म्हणून हात वर करून ठरवलेली गोष्ट तेवढीच मला खरी वाटायची.

रायपूर नुकतंच नव्या राज्याची राजधानी झालं होतं. रस्ते रुंद व्हायला लागले आणि आमच्या घरामागचा पारा, म्हणजे झोपड्यांची वस्ती, रस्त्यात आला. ज्याचा आक्षेप असेल त्यानं स्वतः येऊन कागद दाखवावा, असा हुकूम निघाला. आणि सुनावणी कुठे? शहराबाहेर चाळीस किलोमीटरवर, अकरा ते एक. लोकांनी येऊ नये म्हणूनच ती तिथे ठेवली, असं मी पत्रकात लिहिलं होतं. आजही तेच म्हणते.

कागद होता फक्त एका काकूंकडे. त्यांचा नवरा भंडाऱ्याहून कामाला आला आणि इथेच वारला. त्याच्या नावाचा जागेचा पट्टा त्यांनी प्लास्टिकच्या पिशवीत जपला होता. गुडघ्यांमुळे त्यांना बसमध्ये चढता येईना, म्हणून संघटनेची जुनी जीप काढायचं ठरलं.

त्या दिवशी सकाळी आठला जीप आमच्या अंगणात उभी होती आणि तिच्याखाली डिझेलचं डबकं झालं होतं. पाइप टोकाला फाटला होता. आत रबर आणि वरून पोलादी तारांची विणलेली जाळी, असा तो पाइप. टोकाचा दोन बोटं तुकडा कापून पुन्हा बसवला की झालं. पण कापायचा कशानं?

निवृत्त फिटर असलेले बाबा ओट्यावरून म्हणाले, "टेप घट्ट गुंडाळा, लोखंडावर ठेवा अन् रुंद छिन्नीनं एकच घाव घाला. आरी लावू नका, तारा फिसकटतील."

आमच्यातला एक जण म्हणाला, "भैया, छेनी से पाइप पिचक जाएगा." दुसऱ्यानं आरीसाठी आपल्या मामाच्या गॅरेजची साक्ष काढली. मग आम्ही पाच जणांनी जीपभोवती बसून बैठक घेतली. खरंच घेतली. आरीच्या बाजूनं तीन हात, छिन्नीच्या बाजूनं दोन. तिसरा हात माझा होता. बाबा जन्मभर साहेबांपुढे गप्प बसले आणि आता आम्हाला हुकूम सोडतात, हा राग त्या हातात होता. छिन्नीशी माझं काही भांडण नव्हतं.

"काय करून राहिली तू, पोट्टी?" बाबा म्हणाले. "पाइपाले का मतदान समजते?"

"तुम्ही सभासद नाही," मी म्हणाले.

आरीचे दात तारांत अडकले. जाळी उसवून टोकाचा झाडू झाला. त्यावर क्लिप बसेना, तारा बोटांत घुसल्या. पुन्हा कापला, पुन्हा झाडू. तिसऱ्यांदा कापल्यावर पाइप इंजिनातल्या पंपापर्यंत पोचेना. भाड्याची गाडी कोणाला सुचलीच नाही. सुचली असती तर त्यासाठीही बैठक लागली असती.

पंडरीजवळचं गाड्यांच्या पार्टचं दुकान अकराला उघडलं. नवा पाइप घेऊन आले तेव्हा बारा वाजून गेले होते आणि काकू आमच्या ओट्यावर पिशवी मांडीवर धरून बसल्या होत्या. बाबांनी कोणाला काही विचारलं नाही. नव्या पाइपवर हव्या त्या मापाला टेप गुंडाळली, छिन्नी धरली, एक घाव. टोक जरा दबलं होतं, ते पेचकसानं गोल केलं, पाइप बसवला, आत अडकलेली हवा काढली. दहा मिनिटं. एवढा वेळ आम्ही बैठकीत सतरंजी कोणी आणायची यावर घालवायचो.

पोचलो तेव्हा दीड वाजला होता. सुनावणीच्या कचेरीचा बाबू कुलूप लावत होता. मी आवाज चढवला, कायदा सांगितला, लोकशाही सांगितली. तो म्हणाला, "दीदी, दो घंटे बैठे थे हम. कोई आया ही नहीं." नोंदवहीत त्या पाऱ्यापुढे 'आक्षेप नाही' लिहून झालं होतं. काकूंनी पिशवीतून पट्टा काढून त्याच्यापुढे धरला. त्यानं हात मागे घेतला.

परतताना त्यांनी एवढंच विचारलं, "आता घर कवा खाली करा लागन?" 

त्या आठवड्यात मी पत्रक लिहिलं. 'जनतेचा आवाज दडपला', मोठ्या अक्षरात. गोल बाजारात वाटायच्या आधी काकूंना वाचून दाखवलं. त्या भांडी पोत्यात भरत होत्या. ऐकता ऐकता थांबल्या.

"हव, बरोबर हाय. पण आपण उशिरा गेलो, थे कुठं लिवलं?"

"जागा नव्हती, काकू," मी म्हणाले.

पान पाठीमागून कोरं होतं. त्यांना वाचता येत नसलं तरी तेवढं दिसत होतं. त्या पोत्याचं तोंड बांधायला लागल्या. मी दुसरं टोक धरलं.