भुसकटाचा काही दोष नव्हता

सोयाबीनचं भुसकट कोंबड्यांच्या खुराड्यात अंथरू नये, ते लगेच ओलं होतं आणि घाण वास मारतं, असं आमच्या गल्लीत सगळे सांगतात. केळीच्या वाळलेल्या पानांबद्दलही तेच बोललं जातं. भाताच्या तुसाचंही नाव खराब झालं आहे. यातलं काहीच खरं नाही. घरात मी ते सांगितलं आहे. गल्ली उरली होती, म्हणून हे लिहितो.

नांदेडला आमच्या घरामागे मातीचं अंगण आहे. तिथे सुनेने वांगी, मेथी आणि दोडका लावला होता. विकतचं खत तिला पसंत नव्हतं. कोंबड्यांची विष्ठा आणि त्यांच्याखालचं अंथरूण एकत्र कुजलं की उत्तम खत होतं, असं तिने कुठेतरी वाचलं आणि गावरान कोंबड्या पाळायचं ठरवलं. आम्ही लिंगायत. घरात अंडं येत नाही. बायकोला हा बेत कळला तेव्हा तिने अटी सांगितल्या. अंडी परस्पर शेजारी जातील. खत वांग्याला चालेल, अंगणातल्या बेलाला चालणार नाही. आणि देवघरापर्यंत वास आला तर त्याच दिवशी कोंबड्या जातील.

वास येतो की नाही, हे खाली काय अंथरलं आहे यावर असतं. ते कोरडं हवं, ओल शोषणारं हवं आणि पुढे कुजणारं हवं. सुनेने निवड मन लावून केली. सुताराकडून भुसा आणला, पण त्यात प्लायवूडचा भुसा मिसळलेला दिसला, तेव्हा परत नेऊन दिला. प्लायवूडमधला गोंद वांग्याच्या मुळाशी नको, असं तिचं म्हणणं. मग भाताचं तूस आणलं. ते दोन-तीन दिवसांत चिकट झालं. मी अर्धापूरच्या ओळखीच्या बागेतून केळीची वाळलेली पानं आणून दिली. त्यांना बुरशी आली. शेवटी तिने लातूरजवळच्या मुरुडहून, माहेरून, सोयाबीनच्या भुसकटाची पोती एसटीने आणली. माहेरच्या शेजारी खुराड्यात हेच घालत, आणि तिथे कधी वास आलेला तिला आठवत नव्हता. आमच्याकडे आला.

आता माझ्याबद्दल. बायकोचे गुडघे दुखायला लागल्यापासून अंगणात शेणाचा सडा मी टाकतो. जिथे जीव राहतो तिथे सकाळी सडा पडलाच पाहिजे, धूळ बसते, जागा शुद्ध होते, अशी माझ्या आईची शिकवण. गावी गोठ्याच्या दारातही सडा पडायचा. इथे कोंबड्याही जीवच. म्हणून अंगण झालं की उरलेली बादली मी खुराड्याचं दार उघडून आत शिंपडत असे. कोंबड्या अंग चोरून कोपऱ्यात उभ्या राहत. त्यांना गार वाटत असेल, असं मी धरून चाललो. तेव्हा घरातलं कोणी उठलेलं नसे. मी लपवत होतो असं नाही. सडा कुठेकुठे टाकला, हे कोणी कोणाला विचारत नाही.

मध्ये लातूरला एका लग्नासाठी मी काही दिवस गेलो. परत आलो तर सून खुशीत होती. म्हणाली, ‘‘मामा, भुसकट लागू पडलं बघा. हात घालून बघा, खडखडीत हाय.’’ मी हात घातला. खडखडीत होतं. छान झालं म्हणालो. दुसऱ्या दिवशी सकाळी सवयीने बादली रिकामी केली. दुपारी तिथून जाताना भुसकट काळं पडलेलं दिसलं, आणि मला सगळं कळलं.

मी लगेच सांगायला हवं होतं. संध्याकाळी सांगू असं ठरवलं. संध्याकाळी सून म्हणत होती की भुसकटही वाईटच निघालं, तेवढ्यात बायको देवघरातून बाहेर आली आणि तिला म्हणाली, ‘‘वास यायलाय. भुसकटाला कशाला नावं ठेवतीस? झाडणारीचे हात जड हायत.’’

सुनेने माझ्याकडे पाहिलं. ती रोज झाडते हे मी रोज पाहत होतो. मी पेपर वाचत होतो. तो सकाळीच वाचून झाला होता.

कोंबड्या मुरुडला गेल्या. पुढे समोरच्या घरी नवीन बाई राहायला आल्या. त्यांनाही कोंबड्या पाळायच्या होत्या. काय अंथरावं हे त्या सुनेला विचारायला आल्या. तिने तूस, पानं, भुसकट सगळ्यांची कहाणी सांगितली आणि शेवटी म्हणाली, ‘‘माझ्याच हाताला काही असेल, माझं काही ऐकू नका.’’ मी आतल्या खोलीत होतो.

त्या रात्री जेवताना मी सांगितलं, ‘‘खुराड्यात सडा मी टाकत होतो.’’

बायकोने विचारलं, ‘‘शेणाचा?’’

‘‘हाव.’’

सुनेने तव्यावरची भाकरी उलटली. मग म्हणाली, ‘‘म्हणजे केळीची पानं चांगली होती.’’

चांगली होती, म्हणालो.

‘‘अन् तूस?’’

तेही.

‘‘अन् मी?’’

घास माझ्या तोंडात होता. तो गिळेपर्यंत बायको बोलली, ‘‘तू बी चांगलीच होतीस. मीच बोलत ऱ्हायले अन् हे ऐकत ऱ्हायले.’’ भाकरी करपली, ती सुनेने माझ्या ताटात वाढली. मी खाल्ली.

त्याच आठवड्यात बायकोने मला मुरुडला पाठवलं. येताना कोंबड्या आणि भुसकटाचं एक पोतं घेऊन आलो. एसटीत कंडक्टरने कोंबड्यांचं काय करणार विचारलं, तेव्हा खत, असं म्हणालो. त्याने पुढे काही विचारलं नाही.

भुसकट कोरडं आहे, वास नाही, वांगी बरी आहेत. सडा अजून मीच टाकतो. खुराड्याला आता कुलूप आहे. किल्ली बायकोने देवघरात ठेवली आहे.