कोऱ्या चिपचं कुलूप

भुताखेतांवर माझा काडीचाही विश्वास नाही. इलेक्ट्रॉनिक्समध्ये आयुष्य गेलंय. गंडेदोरे बांधणाऱ्यांना मी आजही तोंडावर हसते. पण हे मात्र... असो, तुम्हीच वाचा.

नव्वदचं दशक सरत होतं. हडपसरची आमची छोटी कंपनी बँकांच्या लॉकर-रूमसाठी इलेक्ट्रॉनिक कुलूप बनवत होती. नमुने दोन – एक माझा, एक शिरीषचा. त्यातला एकच पुढे जाणार होता. शिरीष कॉलेजपासून माझ्या वर्गात, आणि तेव्हापासूनच माझ्या एक पाऊल पुढे. हो, जळायचे मी त्याच्यावर. चांगलीच जळायचे.

त्याची चिप खास आमच्यासाठी परदेशातून बनवून आणलेली. "अरे, तिकडे आत कोणी काय घुसवलं, तुला कसं कळणार?" मी म्हणायचे. माझी चिप कोरी यायची. वीज गेली की पुन्हा कोरी. शेजारच्या छोट्या मेमरीतून माझं डिझाइन – कुठली चावी ओळखायची तेही – वाचल्याशिवाय ढिम्म हलायची नाही.

"म्हणजे मेमरी बदलली की चिप कोणाचीही!" शिरीष हसायचा.

म्हणून घरी जाताना मी मेमरी काढून पर्समध्ये टाकायचे.

खंडेनवमीला नेहमीप्रमाणे सगळं बंद करून मशिनं पुजली. दोन्ही कुलपांनाही हळद-कुंकू, झेंडू वाहिला. दसऱ्याची सुट्टी संपली आणि सकाळीच बँकेचे साहेब आले. टेबलावरचा, दोन्ही कुलपांचा स्विच चालू केला. शिरीषचं कुलूप त्याच्या चावीनं झकास उघडलं. माझ्या पोटात दुखलंच. मी पर्समधून मेमरी काढतेय, तोवर त्यानं गंमत म्हणून स्वतःची चावी माझ्या कुलपात घातली.

खट्... उघडलं!

मेमरी अजून माझ्या हातात होती.

"मॅडम, तुमचं कुलूप फारच मनमिळाऊ दिसतंय," साहेब म्हणाले. प्रोजेक्ट शिरीषला मिळाला.

"अगं, शपथ, मी काहीच केलं नाही," तो म्हणाला. चेहरा पांढरा पडला होता त्याचा.

एखादी तार सैल असेल म्हणावं, तर नंतर मेमरी न बसवताच हाताला लागेल ती चावी लावून पाहिली. कशालाच हललं नाही. माझ्या चावीलाही नाही. शिरीषची लावली की – खट्.

पुढे तो अमेरिकेला गेला. जाताना ती चावी माझ्या टेबलावर ठेवून गेला. ती आणि माझं कुलूप, दोन्ही माझ्या कपाटात आहेत. असं का होतं, ते आजतागायत कळलेलं नाही.

मेमरी बसवली की ती चिप मला ओळखते. कोरी असताना मात्र, कोणी काही न शिकवता, ती त्यालाच ओळखते. भीती नाही हो वाटत मला... अजून जळफळाट होतो.